घरी नाही

छत्तीस वर्षं मी भुसावळात माणसं उठवली.
एवढंच काम. पद कॉलमन.
सायकल, बॅटरी,
आणि लाल पुठ्ठ्याची वही.

कंट्रोलच्या भिंतीवर देशाचा नकाशा होता,
इटारसीकडून, नागपूरकडून, मनमाडकडून आलेल्या रेघा,
सुरतेची जळगावपाशी येऊन चिकटलेली.
साहेब म्हणायचे, हे जाळं.
मला त्यातलं फक्त भुसावळ ठाऊक,
तेही रात्रीचं,
दारांच्या आवाजावरून.

डिसोजाची खिडकी ठोकायची, दार नाही,
कुत्रा बांधलेला नसतो.
गनीभाईंना हाक डाव्या बाजूने,
उजवा कान इंजिनाने खाल्लेला.
लीलाधर भंगाळेच्या कडीला मात्र हात लावावा लागत नसे.
सायकलचा स्टँड पडला की आतून:
"आलो."
उभ्यानेच सही. दोन वाजून दहा. कॉल मिळाला.
आणि कळण्याची भाकरी फडक्यात बांधताना विचारायचा,
"कोण घेऊन आलं रे गाडी?"
इगतपुरीपर्यंत ती त्याची. पुढे दुसऱ्याची.
आपली गाडी शेवटी कुठे थांबते
हे चालवणाऱ्याला कागदावरच कळतं.

मे महिन्यातली रात्र. भिंती अजून भाजत होत्या,
सगळी चाळ अंगणात खाटांवर.
निनाजी तायडेची खाट रिकामी,
पण चादरीवर माणसाचा ओला आकार.
बायको दारात आली.
"हे तं गावाले गेले, भाऊ."
बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती,
उंबऱ्याआडच्या बुटांकडे पाहत होती.
सकाळी त्यांच्या पोरीला बघायला वरणगावचे यायचे होते,
हे मला ठाऊक, कुत्र्यांना ठाऊक.
मी बॅटरी विझवली,
अंधारातच लिहिलं: घरी नाही.
वेळ, एक पन्नास.

मग पुढचं नाव.
भंगाळे संध्याकाळीच बडनेऱ्याहून उतरला होता,
विश्रांतीचे तास भरले नव्हते.
कंट्रोल म्हणालं, माणूस नाही, विचारून तर बघ.
मी स्टँड टाकला.
आतून काही आलं नाही.
कडी वाजवली. पुन्हा वाजवली. मग जोरात.
"आलो,"
पाण्याखालून यावा तसा आवाज.
विचारायचं राहिलंच. मी वहीच पुढे केली.

म्हसावदचा होम सिग्नल लाल होता.
भंगाळे एका वाघिणीएवढा पुढे गेला.
समोर काही नव्हतं.
कुणाला खरचटलं नाही.
गव्हाची गाडी उजाडताना दुसऱ्याच माणसाने पुढे नेली,
वेळही बहुतेक भरून काढली असेल.
पण एका वाघिणीला रेल्वेत माफी नाही.

चौकशीत माझी वही मागवली.
साहेबांचं बोट तायडेच्या ओळीवरून गेलं,
थांबलं नाही.
भंगाळेच्या सहीवर थांबलं.
"ही त्याचीच ना?"
मी म्हणालो, हो.
ते काही खोटं नव्हतं.

वरणगावचे त्या दिवशी आलेच नाहीत,
तेही सांगून टाकतो.

आता मोबाइल उठवतो. वह्या रद्दीत गेल्या, किलोवर.
एक माझ्या पेटीत आहे.
कुठली ते विचारू नका.
भंगाळे यावल रोडला
केळीच्या वेफर्सच्या कढईपुढे उभा असतो,
तेलाच्या आवाजावरून आच ओळखतो म्हणतात.
एकदा पुडा हातात कोंबला, पैसे घेतले नाहीत.
तो पुडा घरी कुणी खाल्ला मला आठवत नाही.
मी नाही.

निवृत्त झालो तरी दोनच्या सुमारास डोळे उघडतात.
काल उठलो, सायकल काढली,
टायरात हवा कमीच होती.
त्याच्या भाड्याच्या खोलीपुढे स्टँड टाकला
आणि टाकल्यावर वाटलं, हे काय केलं.

"आलो."

बनियनवर बाहेर आला.
अर्धवट झोपेत हात पुढे केला सहीसाठी,
मग माझे रिकामे हात पाहिले,
आणि हसला की काय, अंधारात कळलं नाही.
लांब तापीच्या पुलावर मालगाडी चढली,
सगळा पूल एका सुरात वाजू लागला.
तो कान देऊन उभा राहिला.
"कोण घेऊन आलं रे गाडी?"

मी सायकल भिंतीला टेकवली.